येतानाचं वजन

लहान मुलांच्या दवाखान्यात बाळं तोलायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे काटाबाई म्हणत. बाळ हातात घेतल्याबरोबर तिला वजनाचा अंदाज यायचा आणि तो सहसा चुकायचा नाही. तरी ती बाळाला काट्यावर ठेवायचीच, कारण आयांचा विश्वास काट्यावर, बाईवर नाही. एखादी आई "अशक्त झालंय का हो?" म्हणून डोळ्यांत पाणी आणायला लागली, की ही म्हणायची, "बाळ ठणठणीत आहे. आधी तुम्ही नीट जेवा."

त्या काट्यावर एका दुपारी डॉक्टरीणबाईंना पुरुषाचा जुना बूट दिसला.

"हे कोणाचं बाळ?"

"माझ्या भावाचा आहे. खाली कागद घातलाय."

"ते दिसलं. पण का?"

"तिकडे राहिलेला त्याचा बूट केवढा भरेल, ते बघते."

भाऊ चार महिन्यांपूर्वी परदेशात गेला, म्हणजे वारला, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं.  त्यांनी काटा पुसायच्या औषधाची बाटली तेवढी तिच्याकडे सरकवली.

धाकटा तिकडे एका हॉटेलच्या धोबीखान्यात बॉयलर सांभाळायचा. छातीत कळ आली आणि संपलं. मालकांनी सगळं तिकडेच उरकलं, एक दाखला पाठवला आणि हात झटकले. राहिली त्याची ट्रंक. एकाच खोलीत राहणारा त्याचा सोबती, ज्याला घरी सगळे चष्मेवाला म्हणत, तो फोनवर म्हणाला, "खाटेखाली आहे. कोणी येणार असेल तर लवकर या." ती बांधून पाठव म्हणावं, तर परक्याला किती राबवायचं? काटाबाईने सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. असल्या तिकिटात माणसाला बसू देतात हेच उपकार. सामान म्हणाल, तर हातात धरायची एक बॅग, सात किलोची. जाताना सात, येतानाही सात. जाण्याची तिला फिकीर नव्हती. येताना सात किलोंत भाऊ बसवायचा होता.

घरात दोन बायका, आणि दोघींची दोन वेगळी माणसं गेली असावीत असा कारभार. आईला हवा होता तिने विणलेला स्वेटर आणि त्याने इथून नेलेलं जाड ब्लँकेट. भावजयीला हवी होती इस्त्री. वाफेवर चालणारी, जाताना तिच्यासाठी घेतो म्हणाला होता आणि घेतलीही होती.

"मेलेल्या माणसाची इस्त्री काय करायची आहे?" आई म्हणाली.

"माझ्यासाठीच घेतली होती ती. आणि आई, तुमच्या ब्लँकेटचं काय करणार मग? पांघरणार?"

"हो, पांघरणार."

"या उकाड्यात."

"माझा उकाडा मी बघेन."

काटाबाईने दोघींना गप्प केलं. तिला रडारड आवडायची नाही. हिशेब करता येत असेल तर माणसाने हिशेब करावा, रडायला जन्म पडलाय. ब्लँकेटच्या जोडीचं दुसरं घरात होतं, ते तिने दवाखान्यात नेऊन तोललं. आईने त्याच लोकरीचा एक स्वेटर तिच्यासाठीही विणला होता, तोही तोलला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची लोखंडी इस्त्री मागून आणली, पण ती एकटीच एवढी भरली की तिने मुकाट्याने परत नेऊन दिली. परदेशची हलकी असेल, असं धरून चालली. सगळं मिळून सातच्या वरच जात होतं. तेव्हा कापायचं ते स्वतःचं.

घरातली चाकांची बॅग रिकामीच दोन किलोंची. ती बाद. जुन्या पडद्याची बॅग शिवली, अस्तर न लावता. अंगावर एक जोड कपडे, आत आतले कपडे, बस्स. टूथब्रशचा दांडा कापला. कंगवा मधोमध मोडला.

"ताई, तिकडे दोन दिवस तेच कपडे घालून बसणार?" भावजय म्हणाली.

"मी काय लग्नाला चाललेय? आणि मला तिथे ओळखतो कोण?"

"पाय तरी पुसायला काहीतरी न्या."

"पाय वाळतात आपोआप."

भावजय हसली. चार महिन्यांत पहिल्यांदाच. आईही मधूनच येऊन ती पडद्याची बॅग उचलून बघायची, हलकी लागली की समाधानाने खाली ठेवायची. म्हातारीला त्या हलकेपणातच मुलगा दिसत होता. आशा किती मूर्ख असते ते बघायला फार लांब जावं लागत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी चष्मेवाल्याचा फोन आला. काटाबाई दवाखान्यात होती, मांडीवर दुसऱ्याचं बाळ.

"ताई, घरमालकाने कुलूप बदललं. आम्हाला सगळ्यांना काढलं."

"मग ट्रंक?"

"बाहेर ठेवली होती जिन्यात. सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली."

"अख्खी ट्रंक?"

"मी कामावर होतो, ताई. खरंच."

ती ओरडली नाही. ओरडायला त्याचा दोष तरी काय होता? त्याची स्वतःची गादी गेली होती त्याच गाडीत.

"स्वेटरही आतच होता का?" तिने विचारलं.

 तो म्हणाला, "स्वेटर तर अंगातच होता ना तेव्हा. तसाच नेला त्याला."

म्हणजे स्वेटर केव्हाच गेला होता. इतके दिवस ती त्याचं वजन धरत बसली होती नुसती. काटाबाईने मांडीवरचं बाळ काट्यावर ठेवलं, आकडा वाचला, लिहिला, बाळ त्याच्या आईच्या हातात दिलं. पुढचं घेतलं.

घरी आल्यावर तिने भावजयीला मोरीशी गाठून सांगितलं. भावजयीने चालू नळ बंद केला.

"तिकिटाचे पैसे?"

"परत देत नाहीत."

"मग जाऊच नका. कशाला उगाच?"

"आणि आत आईला काय सांगू? का नाही गेले म्हणून?"

 न जायचं, तर आज सांगायला लागणार होतं. गेलं, तर आल्यावर. माणूस अशा वेळी आल्यावरचंच निवडतो. शहाणपण नाही त्यात, पण निवडतो.

भावजय खोलीत गेली. पडद्याची बॅग उघडून तिने आत टॉवेल घातला. मग काटाबाईचे दोन जोड कपडे, चपला, अख्खा कंगवा, मग एक चादरसुद्धा. काटाबाई दारात उभी राहून बघत होती. आता जागाच जागा होती. पांघरायला घ्या, थंडी असेल, असं कुजबुजत भावजय कोंबत गेली आणि बॅग टम्म फुगली.

आई आत आली, सवयीने बॅग उचलायला वाकली. उचलली नाही.

"अगं, ही भरली कशी? त्याचं कशात आणशील?"

भावजयीने मान खाली घातली. काटाबाई म्हणाली, "अंगावर घालून येईन, आई. अंगावरच्या कपड्यांचं वजन धरत नाहीत ते."

म्हातारीने विचार केला. तिला पटलं.

"मग स्वेटर सगळ्यात वर घाल," ती म्हणाली. "म्हणजे तू रस्त्यावरून येतानाच मला दिसेल."

"बरं," काटाबाई म्हणाली.