नातवाच्या नावाने घेतलेलं सोल्डरिंग आयर्न

आक्का गेल्याचा फोन तिच्या शेजारणीने केला. सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली, दार उघडलंच नाही... मी दौंडहून शिरूरला पोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं. मधल्या खोलीतल्या टेबलावर मात्र तिने आदल्या दिवशी ठेवलं तसंच सगळं होतं. तारांचे तुकडे, अर्धवट जोडलेला रेडिओ आणि स्टँडमध्ये नीट खोचलेलं सोल्डरिंग आयर्न. चुलत वहिनींनी विचारलं, हे कुणाचं गं? मी ‘आक्काचं’ म्हणाले आणि माझे कान तापले. बाई मरून पडलेली आणि मला लाज कसली वाटत होती, तर तिच्या टेबलाची.

कुसुम तिचं नाव, माझी थोरली बहीण. सरकारी कचेरीत कारकून होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सारं शिरूर तिला मॅडम म्हणायचं आणि ती त्या मॅडमपणाला जपून असायची. निवृत्त झाल्यावर कधीतरी मोबाईलवर तिने घरी रेडिओ कसा बनवतात ते पाहिलं आणि तिला वेडच लागलं. सुटे भाग टपालाने मागवले. पण ते सर्किटच्या पट्टीवर जोडायला, शिसं वितळवून डाग द्यायला, सोल्डरिंग आयर्न हवं, आणि ते चांगलं कसं ओळखायचं हे हातात धरून पाहिल्याशिवाय कळणार नाही, असं तिचं म्हणणं. शिरूरच्या दुकानात ती पाय ठेवायला तयार नव्हती. या वयात मॅडम खेळणी करतात, असं लोक म्हणतील म्हणून. मग एसटीने ती माझ्याकडे आली. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या बायकांना मी सांगितलं, आक्का डोळे दाखवायला आलीय. म्हणजे लाज तिला एकटीलाच होती असं नाही.

स्टेशनजवळ बनसोड्यांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. आक्काने आयर्न मागितल्यावर त्यांनी सहज विचारलं, “नातवाला पायजे का?” तिने ‘नाही’ म्हणावं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती ‘हो’ म्हणाली. बनसोड्यांनी मग शाळेच्या पोरांना देतात ते साधं, स्वस्तातलं पुढे केलं. आक्काने ते उलटसुलट करून पाहिलं, मागे टांगलेल्या दुसऱ्यांकडेही पाहिलं, पण नातवासाठी घेणारी आजी काय विचारणार? तेच पिशवीत घातलं.

ते आयर्न तापायचं ते तापतच राहायचं. टोक काळं पडायचं, त्याला शिसं धरायचं नाही, आणि जरा जास्त टेकवलं की पट्टीवरची तांब्याची रेघच उचलून यायची. वायर इतकी ताठ की हात मागे ओढला जायचा. आक्काला वाटायचं, आपलाच हात वाईट. सुटे भाग घ्यायला ती पुन्हा पुन्हा दौंडला येत राहिली आणि दर खेपेला खोटं वाढत गेलं. नातवाचं नाव सुजय झालं, तो सहावीत गेला, त्याला गणित आवडायला लागलं... एकदा बनसोड्यांनी काउंटरखालून एक पत्र्याची पेटी काढली. जुन्या रेडिओंतले चांगले भाग त्यांनी स्वतः सोडवून ठेवले होते. म्हणाले, सुजयला द्या, आणि एखाद्या रविवारी त्याला घेऊनच या, आयर्न कसं धरायचं ते दाखवतो.

घरी येऊन आक्का चहा न घेता ती पेटी मांडीवर धरून बसली. मी म्हटलं, अगं, विसरून जातील ते. ती म्हणाली, “शैला, मला नातू नाही हे मला रोज माहीत असतं. पण आज त्या माणसाने त्याच्यासाठी पेटी दिली, आणि मी घेतली.” त्यानंतर किती तरी महिने ती दौंडला फिरकली नाही. माझ्याकडेसुद्धा नाही. फोनवर विषय काढला की गुडघे दुखतात म्हणायची.

दिवाळीनंतर एक दिवस न कळवता आली, पेटी घेऊन. म्हणाली, तू नुसती बरोबर चल. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं असं मी खुणावलं, पण आक्का थांबली असती तर परत फिरली असती. तिने पेटी काउंटरवर ठेवली आणि कचेरीत बोलायची तशा आवाजात म्हणाली, “सुजय नावाचं कुणी नाही. मला मूलबाळच नाही. हे सगळं मीच करते.” गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

बनसोड्यांनी पेटीवर हात ठेवला. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. “तवाच सांगायचं की, मॅडम,” एवढंच म्हणाले. मग गिऱ्हाइकांना वाटेला लावून आले आणि खाली बघत म्हणाले, “माझं बी चुकलंच. बाईमाणूस आलं की पोरासाठीच आलंय, आसं धरून चालतो मी. तुमाला इचारलंच न्हाई.”

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. तीन-चार आयर्न काढून एकेक बोर्डात लावलं, एक मोडकी पट्टी दिली आणि म्हणाले, डाग देऊन बघा. आक्का बसली. एक जड होतं, एकाची मूठ टोकापासून लांब, त्याचं टोक नेमक्या जागी टेकेना. एक हलकं होतं, लोण्यासारखी मऊ वायर, उष्णता कमीजास्त करायला चकती, टोक बदलता येणारं. तिने अणकुचीदार टोक मागितलं. बनसोडे म्हणाले, चपटं घ्या, ऊब लवकर पोचती. ते लावल्यावर शिसं पाण्यासारखं पसरलं आणि चकाकत बसलं. हात आपला वाईट नव्हता, हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण ती वळून माझ्याकडे बघून हसली. तेच आयर्न घेऊन निघताना तिने पेटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती परत तिच्या पिशवीत ठेवली. “जो हे काम करतो त्याला दिली व्हती. त्याच्याकडंच हाय.”

परवा मी शिरूरचं घर झाडायला गेले. शेजारीण सांगत होती, मधल्या खोलीची गल्लीकडची खिडकी आक्का आधी कायम लावून घ्यायची. आतून जळल्याचा वास यायचा, धुराने डोळे लाल करून ती बाहेर यायची आणि विचारलं तर फोडणी करपली म्हणायची. मग गेल्या दिवाळीनंतर कधीतरी तिने ती खिडकी उघडली, पडदासुद्धा काढून टाकला. जाणारे-येणारे आत डोकवायचे, काय करताय मॅडम म्हणायचे, आणि ती मान वर न करता सांगायची, रेडिओ. घर झाडून झाल्यावर मी सवयीने खिडकी लावायला गेले... आणि तशीच उघडी ठेवून आले.