तांदळातले खडे

माझा स्वभाव कुणाचं काही घेण्याचा नाही. शेजारून भाजीची वाटी आली तरी मला आधी प्रश्न पडतो, ही का आली? आई म्हणायची, "तुह्या नाकावर रागच बसून राहते, मंग शेजारी कुठं बसतीन?" हसावं की चिडावं, मला कळायचं नाही.

गेल्या वर्षी आईची स्मरणशक्ती फार बिघडली. हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये, शहराच्या कडेला प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, आम्ही दोघीच राहतो. दिवसभर तिच्याजवळ थांबणारी बाई काम सोडून गेली आणि त्याच आठवड्यात आई फाटक उघडून मेन रोडवर जाऊन उभी राहिली, आमच्या जुन्या गावाकडच्या, कुहीच्या बसची वाट बघत. लेआउटमधल्या लोकांनी तिला घरी आणलं. मला मात्र लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी मी एका वृद्धाश्रमात चौकशी केली. एक जागा होती. सोमवारपर्यंत नक्की कळवा, म्हणाले.

वृद्धाश्रमात जागा आहे, सोमवारपर्यंतचाच प्रश्न आहे, तोवर मी कामावर असताना आईकडे लक्ष ठेवा, असं सांगून मी शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली दिली. "ठेव नं, त्यात काय," एवढंच त्या म्हणाल्या.

मग माझा गोंधळ सुरू झाला. संध्याकाळी घरी यावं तर आई एकदम शांत. स्वतःहून जेवण मागायची, फाटकाकडे फिरकायची नाही. दिवसभर काय केलंस, असं विचारलं तर म्हणाली, "काम होतं वं. तांदूळ निवडून राहिली होती. माणसं जेवायले येतीन नं."

कुहीकडे आमची धानाची शेती होती तेव्हा रोवणीला, म्हणजे भातलावणीला, आलेल्या बायांसाठी ती असेच ताटंच्या ताटं तांदूळ निवडायची. मला वाटलं, तेच डोक्यात असेल. पण तिच्यापाशी वाटीभर खडे होते, खरेखुरे. आमचा तांदूळ तर दुकानातून बंद पिशवीत येतो, आणि डबाही जसाच्या तसा भरलेला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

शुक्रवारी मी हाफ डे टाकून आले. आईसमोर तीन ताटं. एकही आमचं नाही. तिची बोटं तांदळातून भराभर फिरत होती.

"हे कोणाचं गं?"

"हे बाजूच्या बाईचं, हे समोरचीचं, अन् हे कोपऱ्यावरच्या घरचं. बिचाऱ्यायच्या तांदळात लय खडे हायेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आजारी म्हातारी फुकट राबायला मिळाली म्हणून अख्ख्या लेआउटनं तिला कामाला जुंपलं होतं! तशीच काकूंच्या मागच्या अंगणात गेले. त्यांच्या भिंतीलगत नवीन घर बांधायचं चाललंय, त्याच्या रेतीच्या ढिगापाशी काकू उकिडव्या बसल्या होत्या. बारीक पांढरे खडे वेचत होत्या. ते नळाखाली धुवून त्यांनी ताटातल्या स्वच्छ तांदळात टाकले आणि हातानं नीट मिसळले.

मी भांडायला आले होते.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"उद्याचं ताट करून राहिली. पहिल्या दिवशी साधा तांदूळ देल्ला त तुह्या आईनं दहा मिनिटांत परत केला. म्हणे साफ हाय, अन् चालली फाटकाकडे. मंग कोपऱ्यावरचीनं हे सुचवलं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू ऐकली असती?"

राग गेला की होता तिथंच होता, मला कळेना. डोळे भरून आले ते कशानं, तेही कळेना. माझ्या माघारी या बायका माझी आई सांभाळत होत्या आणि मी त्यांनाच चोर ठरवून आले होते. आभार मानायचे, तर कसे मानतात? आणि आईला असं खोटं काम देणं, तिला फसवणं बरं का? हा प्रश्न मला अजूनही पडतो. आई मात्र त्या रात्रीही गाढ झोपली.

शनिवार-रविवार मी घरीच होते. तरी ताटं आली, काकूंकडून भाजीची वाटीही आली, आणि मी ती सगळी घेतली.

सोमवारी सकाळी काकूंची वाटी परत करायची होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे आईनंच शिकवलेलं. घरात दुसरं काही केलेलं नव्हतं. आईनं निवडून काढलेले सगळे खडे मी धुतले, वाटीत भरले आणि काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. काय बोलायचं, ते ठरवलंच नव्हतं.

काकूंनी वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तुही आई उद्याही घरीच हाय नं?"

मी मान डोलावली.

"मंग पुरतीन एवढे," म्हणाल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या.