कार्डावर नसलेली खूण

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून आलो की आमच्याकडे होडीच्या इंजिनाची पूजा होते. अलीकडे दादा घरातल्या कॉम्प्युटरचीही करायला लावतो. "दर्यातल्या सगळ्या खुणा त्याच्या पोटात हायत, त्याला उपाशी ठेवू नको," म्हणतो. थट्टेने म्हणतो, पण कुंकू लावताना हसत नाही.

दादा माझा थोरला भाऊ, रेवदंड्याच्या आमच्या होडीचा तांडेल, होडी त्याच्याच हुकमावर चालते. मी अलिबागला ऑफिसात बसणारा. होडीच्या जीपीएसमधल्या खुणा कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणं माझं काम. खुणा म्हणजे पाण्याखालचे खडक, बुडालेल्या होड्या, जाळं अडकेल अशा जागा. गेल्या हंगामात त्यात एका कंटेनरची भर पडली. कुठल्याशा जहाजावरून तो पडून तळाशी बसला होता. त्याच्यात अडकलेलं जाळं ओढताना होडी इतकी कलली की एक खलाशी पाण्यात गेला. त्याला केसांना धरून वर घेतला. दादाने ती जागा तिथल्या तिथे नोंदवली.

यंदा होडीवर नवं जीपीएस बसलं, जुनं बसवणाराच घेऊन गेला. त्यातल्या खुणा मी आधी उतरवून घेतल्या होत्या. नव्यात भरून देतो, असंही म्हणालो होतो. होड्या पावसाळ्यापुरत्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या होत्या, घाई वाटली नाही. सगळा पावसाळा तसाच गेला.

पूजेच्या संध्याकाळी आम्ही इंजिनावर शिंपडतो तसं नारळाचं पाणी मी कॉम्प्युटरवर शिंपडलं. तो चालू होता आणि वरच्या जाळीतून पाणी सरळ आत गेलं. स्क्रीन काळी झाली. मी बटण बंद केलं आणि कुणाला काही बोललो नाही.

सकाळी चालू केला. पंखा फिरला, कंपनीचं नाव उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं. तेवढंच पुन्हा पुन्हा. वायर काढून मी बाजूचा पत्रा उघडला. आत कुंकवाचा चिकट लाल ओघळ मदरबोर्डवर उतरला होता. मेमरीची पट्टी काढून तिचे दात खोडरबरने घासले, ओघळ कापसाने पुसला, पट्टी परत दाबून बसवली. आता कंपनीचं नावही येईना. वहिनी दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि देवापुढचा दिवा तिने पुन्हा लावला.

दुपारच्या भरतीला होड्या निघायच्या होत्या. बर्फ भरून झाला होता. दादा खलाशांना घेऊन अंगणात आला.

"झालं काय रे?"

"होतंय."

"पूजेलाच बंद पडला म्हणं," म्हातारा खलाशी म्हणाला.

"तुझा मोबाईल तर रोज बंद पडतो," दादा म्हणाला. बाकीचे हसले, म्हातारा हसला नाही. गेल्या वर्षी पाण्यात पडलेला तोच.

माझ्या ईमेलमध्ये खुणांची एक जुनी प्रत होती, कंटेनरच्या आधीची. ती मी मोबाईलमधून नव्या जीपीएसच्या मेमरी कार्डावर घेतली आणि कार्ड दादाच्या हातात ठेवलं.

"सगळ्या हायत ना?"

म्हातारा माझ्याकडे बघत होता. आता नाही म्हटलं तर कुणी होडीत चढणार नाही, आणि दादा सगळ्यांसमोर मला विचारेल की एवढा पावसाळा तू काय करत होतास, एवढंच माझ्या मनात आलं.

"हायत," मी म्हणालो.

होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली तेव्हा मी बंदरावर नव्हतो. टेबलफॅन लावून कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. ओल सुकली की चालू होईल, ही आशा होती आणि तीच भीतीही होती. उन्हं कलल्यावर पुन्हा बटण दाबलं. काही झालंच नसावं तसा तो मुकाट चालू झाला. नकाशा उघडला. कंटेनरची लाल खूण जागेवर होती, दादाच्या नेहमीच्या वाटेवर.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा तेच.

मग मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातला वायरलेस उरला. त्यावर बोललेलं सगळ्या होड्या ऐकतात, आणि ऑफिसात त्या वेळी निम्मं बंदर चहाला असतं. मी गेलो. माईक हातात घेऊन कागदावर उतरवून आणलेले खुणेचे आकडे वाचले आणि म्हणालो, "दादा, ही खूण तुझ्या कार्डावर नाही. मी खोटं बोललो." मागे कपांचा आवाज थांबला.

बराच वेळ नुसती खरखर. मग दुसऱ्याच होडीवरचा तांडेल बोलला, "तुझं त्याला पोचत न्हाय. आम्ही सांगतो."

आणि थोड्या वेळाने, "ऐकलं त्याने. जाळं पाण्यात हाय म्हणतो. अडकलंय."

कुणी तरी माझ्यामागे खुर्ची सरकवली, मी बसलो नाही. बाहेर अंधारत गेलं. शेवटी तोच आवाज आला, "जाळं कापलं त्यांनी. माणसं सगळी होडीत हायत."

दादा परतला तो अर्ध्या जाळ्यासह. म्हातारा खलाशी बंदरावर उतरला आणि माझ्याकडे न बघता घरी गेला. तो पुन्हा आमच्या होडीवर आला नाही. दादा हातपाय धुऊन जेवायला बसला.

"वायरलेसवर बोललास," तो म्हणाला, "तेच अंगणात बोलायचं होतंस."

वहिनीने त्याला भात वाढला. खुणा आता दादा स्वतः उतरवतो.