साखऱ्याची लेक

वर्गात शिरली की सुमनताई आधी फळ्यासमोर गप्प उभी राहायची. मग म्हणायची, "नीट बघा माझ्याकडं. काही दिसून राहिलं का?" मुले माना हलवायची. "न्हाई ना? म्हणून सांगायला आले. मला एचआयव्ही हाय."

मी तेव्हा कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. नववीच्या मुलांशी बोलायला मीच तिला बोलावले. नवऱ्याकडून तिला हा आजार लागला होता. तो वारल्यावर ती हिंगोलीत शिवणकाम करून एकटी राहायची. वर्गात जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली. "सर, माझं नाव खुशाल सांगा. माहेरचं गाव तेवढं सांगू नका. धाकट्या बहिणीची सोयरीक जमली हाय." मी हो म्हणालो.

एका मुलीने भीत भीत विचारले, "ताई, तुमच्या हातचं खाल्लं तर?"

"तर पोट भरंल. मीठ जास्त पडतं माझ्याकडून, तेवढं सांभाळा."

वर्ग हसला. मी भारावून गेलो. आमच्याकडे बाईमाणसाचा सत्कार करताना ती कुणाची लेक, कुठली सून हे सांगितल्याशिवाय मान पुरा होत नाही. शाल देताना मी बोलून गेलो, "साखऱ्याच्या या लेकीचा आम्हाला अभिमान आहे." तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि शाल घेतली.

वर्गातल्या एका मुलीची आत्या साखऱ्याला दिलेली होती. आठवडाभरात सोयरीक मोडली. "मोठेपणासाठी हिनंच गावाचं नाव घेतलं," म्हणून भावाने तिला दार बंद केले.

मी तिच्याकडे गेलो. म्हणालो, "भावाला मी खरे सांगतो."

"सांगा. पण शिव्या खायच्या तयारीनं जा, सर. लई तापट हाय."

मी गेलो नाही. निवृत्ती जवळ आली होती, शाळेची बदनामी होईल, असे मनाला सांगत राहिलो. पुढे बाजारात भेटली तेव्हा तिने विचारले, "गेलते का साखऱ्याला?" मी खाली पाहिले. "जाऊ द्या. तब्येत कशी हाय तुमची?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही. शाळांमध्ये मात्र जात राहिली.

गोळ्या तिने कधी चुकवल्या नाहीत. गेल्या वर्षी गेली ती काविळीने. माहेरचे कुणी आले नाही.

त्यानंतर मी साखऱ्याला गेलो. भाऊ शेळ्यांना पाला टाकत होता. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मंग ती बोलली काहून न्हाई?"

"मी येतो म्हणालो होतो. ती वाट बघत होती."

तो तिथेच खाली बसला. "आमी बी बघत होतो," म्हणाला. "येईल, भांडंल म्हणून."