फोटोत कोण कुठे उभं

शाळेची वेबसाइट सगळ्यांना वापरता आली पाहिजे, ज्यांना दिसत नाही त्यांनासुद्धा, असं ठरलं आणि मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. सिल्वासातल्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी मी एकटीच. "सगळ्यांना जरा सोपं करून सांगा," ते म्हणाले. सगळे म्हणजे नक्की कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आधी संस्थेची मंडळी बसली. मी नियमांपासून सुरुवात केली, तर निम्मे चहाच्या ट्रेकडे बघत होते. शेवटी वैतागून मी पडदा बंद केला आणि पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं. ते म्हणालं, "बटण. बटण. चित्र. चित्र. बटण." मंडळी हसली, मग हसायची थांबली. "चित्रात काय आहे हे त्याला कुणी लिहूनच दिलेलं नाही," मी म्हणाले. "ऐकणाऱ्याला जे हवं असतं, ते लिहायचं." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

मग वापीहून वेबसाइटवाला आला. त्याच्यापुढे ऐकणाऱ्याच्या मनाची भाषा चालेना. "मॅडम, फिक्स बोलो ना, डालना क्या है?" म्हणून त्याला सांगितलं, जे दिसतं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. "तो फिर आप ही लिख के दे दो," तो म्हणाला आणि गेला. काम उलटून माझ्याच अंगावर कसं येतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

लिहायला बसले आणि भलताच उत्साह आला. पुढच्या बैठकीला पालक येणार होते, आणि त्यात आठवीतल्या एका मुलीचे वडील. जळगावकडचे, सामरवरणीला राहणारे, जन्मापासून न दिसणारे. बायको सुताच्या कंपनीत, आणि हे घरी बसून बोलणाऱ्या फोनवर लोकांचे रिचार्ज मारून देतात. त्यांच्यासाठी म्हणून मी स्नेहसंमेलनातल्या कोळीनृत्याच्या फोटोचं वर्णन मुद्दाम सविस्तर केलं. पुढच्या रांगेत कोण, मागच्या रांगेत कोण, अगदी नावानिशी.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती मुलगी लॅबमध्ये आली. अंगाने शिडशिडीत, वर्गात सगळ्यांत उंच.

"मॅडम, त्या फोटोत मी कुठे आहे असं लिहिलंय?"

"मागच्या रांगेत, टोकाला. उभी तिथेच आहेस ना?"

"हो. उंच आहे म्हणून मागे ठेवलं होतं." ती कीबोर्डवर बोट फिरवत राहिली. "पण पप्पांना मी सांगितलंय की मी पुढे होते. मधोमध. तुम्ही पुढे लिहा ना, प्लीज. ते सगळ्यांना सांगत असतात."

जे दिसतं ते लिहायचं, की ऐकणाऱ्याला हवं ते? दोन्ही मीच शिकवलं होतं, दोन वेगळ्या लोकांना, आणि दोन्ही वेळा छातीठोकपणे. पोरीचा रागही आला आणि पोटात तुटलंही. खोटं लिहिणं जिवावर आलं, आणि खरं लिहून त्या माणसाचा आनंद भर सभेत पुसायचा, तेही नको वाटलं. शेवटी मी पळवाट काढली. नावं आणि रांगा पुसून टाकल्या आणि लिहिलं, 'आठवीच्या मुली कोळीनृत्य करताना.'

बैठकीत तिचे वडील पहिल्याच बाकावर बसले होते, मुलगी शेजारी. मी पान लावलं. आवाज म्हणाला, "आठवीच्या मुली कोळीनृत्य करताना." पालकांनी माना डोलावल्या. मी सुटले म्हणते तोच त्या वडिलांनी हात वर केला.

"मॅडम, हे तं बरं केलं तुम्ही. पण माझी पोर? ती कुठे उभी हाये?"

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगावं की हवं ते, की हा तिसराच कुणी ऐकणारा आहे ज्याच्यासाठी मी काहीच तयार केलेलं नाही, काही कळेना. मी नुसतीच माऊस हलवत राहिले.

मुलगी उभी राहिली. "मागे, पप्पा," ती म्हणाली. "टोकाला. मी पुढे नव्हतेच. तुम्हाला खोटं सांगितलं."

मग आवाजाच्या दिशेने तोंड वळवून त्यांनी विचारलं, "मी तं पुढेच बसेल होतो. तू पुढेच नाचून राहिली समजून लई टाळ्या वाजवल्या. मागे ऐकू आल्या का तुले?"

"आल्या, पप्पा."

"मंग झालं."

मला रडू फुटलं. मागे पडद्यावर माझी पुढची स्लाइड आली होती, आणि ती मी कुणासाठी केली होती, हे मला काही केल्या आठवेना.