नोनीचं न्हाणीघर

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या आपल्या शेतघरात नोनी लिहेनला एकच गोष्ट हवी होती: गरम पाण्याचं न्हाणीघर. थोरला भाऊ डिनी वीस वर्षं म्हणत होता, "पुढच्या वर्षी नक्की." पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी गवत भिजलं, कधी गाय मेली. गोठ्यात मात्र गरम पाण्याचा नळ केव्हाच आला. गायींची आचळं धुवायची होती ना! नोनी दर शनिवारी चुलीपुढं पत्र्याच्या टबात गुडघे पोटाशी घेऊन बसायची. तेवढा वेळ डिनी गोठ्यात थांबायचा. तिथं ऊब होती.

मग त्यांच्या शेतात उत्खननवाले आले. दलदलीच्या कडेच्या जळक्या, तडकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्याखाली लाकडी हौद निघाला. त्यांच्या प्रमुख ग्रॉन्याबाई म्हणाल्या, "साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक दगड तापवून यात टाकायचे, पाणी उकळायचे. मांस शिजवायला, असं मानतात. पण हाड एकही सापडलं नाही. आंघोळही करत असतील."

चहा ओतता ओतता नोनी थांबली. "आमच्या शेतात? गरम पाण्यानं?"

डिनीला मिरच्या झोंबल्या. "मांसच! हाडं कुत्र्यांनी नेली."

"तसं इथल्या आम्लधर्मी मातीत हाडं विरघळतातही," बाई म्हणाल्या.

"बघ!" डिनी नोनीवर ओरडला. जन्मात पुस्तक न उघडलेला हा गडी आठवडाभर पबमध्ये मांसाच्या बाजूनं भांडला. आंघोळीचा पक्ष जिंकला तर घरात काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी प्रयोग ठरला. तसाच नवा हौद बांधायचा आणि रविवारी गावासमोर मेंढीची तंगडी शिजवायची. तंगडी डिनीच्या पदरची. एवढा उदार तो बापाच्या दफनाच्या दिवशीही झाला नव्हता.

रविवारी चर्चमधून सगळे थेट शेतात आले. दगड लाल झाले, पाणी वाफाळलं. नोनीनं हात बुडवून पाहिला आणि हाळी दिली, "घरात चहा मांडलाय, निवेल!" गाव घराकडं पळालं, डिनीही तंगडी आणायला गेला. मागं उरल्या फक्त ग्रॉन्याबाई. नोनीनं त्यांच्या हातात ताडपत्री दिली. "धरा जरा, बाई."

आयुष्यात पहिल्यांदा नोनीनं गरम पाण्यात पाय लांब केले, आणि तिला रडू फुटलं.

गवतात गुंडाळलेली तंगडी घेऊन डिनी परतला. मागं गाव होतंच.

"नोने! अगं, मांस शिजवायचंय!"

"शिजेल रे," ताडपत्रीआडून आवाज आला. "आधी दोन दगड टाक, पाणी निवतंय. हळू, मी पाय आवरून घेते."

अख्खं गाव बघत होतं. डिनीनं तंगडी खाली ठेवली आणि मान वळवून फावडं उचललं.