बेचाळिसावा नकाशा

"ती मरत आहे, सार."

पद्मिनी टीचर असं म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत होतो. तपासणीच्या सॉफ्टवेअरने हार्ड डिस्कच्या नावापुढे हिरवा ठिपका दिला होता. हिरवा म्हणजे ठणठणीत.

"डिस्क जुनी आहे, स्लो आहे, पण बरी आहे टीचर. एसएसडी टाकली की पळायला लागेल."

"गेल्या सोमवारपर्यंत सकाळी एकदा टक् म्हणत होती. आता तीनदा म्हणते. तुम्हांस ऐकूं येत नाही?"

मी कॅबिनेटला कान लावला. मला पंखा ऐकू आला.

टीचर जन्मापासून अंध. तांबरमजवळच्या अंध मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवतात. घराणं तंजावूरचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची. मी मूळचा साताऱ्याचा. संरक्षण खात्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला तीस वर्षं काढली, आणि रिटायर झाल्यावर तांबरममध्येच कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं काम सुरू केलं. तीस वर्षं मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला कुणी मशीनचा आवाज ऐकायला शिकवू लागलं की टोचतंच. मलाही टोचलं.

काम तसं साधं होतं. हार्ड डिस्कमध्ये चकत्या गरगर फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावर पुढे-मागे होत माहिती वाचते. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये. म्हणून ती वेगवान. कॉम्प्युटर जिच्यावरून जागा होतो ती बूट ड्राइव्ह. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवायची, तिला क्लोन म्हणतात, आणि मग एसएसडीला बूट ड्राइव्ह करायचं. सकाळी बसलं की जेवायच्या आत मोकळं.

"बॅकअप आहे ना?" मी विचारलं. हा प्रश्न विचारला की लोक सबबी सांगू लागतात.

"नाही. चूक माझी," टीचर म्हणाल्या. "म्हणून अगोदर नकाशे काढून घ्या."

"कसले नकाशे?"

इतिहासाच्या पुस्तकातले. मुलींना नकाशा दिसत नाही, मग तो धडा अर्धाच राहतो. म्हणून टीचरनी एकेक नकाशा शब्दांत लिहून काढला होता. बेचाळीस नकाशे, सहा वर्षांचं काम. त्याची एकच प्रत होती आणि ती या डिस्कवर. सोमवारपासून दहावीच्या मुलींची उजळणी त्यावरच व्हायची होती, आणि आज शनिवार.

"क्लोनमध्ये सगळं येतंच, टीचर. वेगळं कशाला काढायचं?" असं म्हणून मी क्लोन सुरू केला. हिरव्या ठिपक्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

एकतीस टक्क्यांवर टीचर म्हणाल्या, "थांबवा."

"चालू आहे हो. आकडा पुढे जातोय."

"ती एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जात आहे. थांबवा, सार!"

मी थांबवलं नाही. अर्ध्या मिनिटाने आकडा जागीच थिजला आणि लाल अक्षरांत एरर आली.

नेमके तेव्हाच हेडमास्टर डोकावले आणि तमिळमध्ये म्हणाले, "अजून चाललंय? नवा पीसी सँक्शन झालाय. तीन आठवड्यांत येईल. हा भंगारात टाका."

"मशीन टाकू या सर. आतलं जाता कामा नये," मी म्हणालो.

"किती वेळ लागेल?"

"सोमवारच्या आत," टीचरनी परस्पर सांगून टाकलं. हेडमास्टर मान हलवून गेले.

"टीचर, चुकलो मी."

"ते असो. आता काय करावें ते सांगा."

मशीन बंद करून तासभर डिस्क थंड होऊ दिली. मग पेन ड्राइव्हवरून दुसरा प्रोग्रॅम चालवला. खराब जागेशी झोंबत न बसता तो आधी चांगल्या जागा उचलतो. या वेळी पहिल्यांदा फक्त नकाशे. टीचरनी खुर्ची जवळ ओढली आणि कॅबिनेटवर तळहात ठेवला.

"चालू द्या."

एक फाइल आली, दोन आल्या, सात आल्या.

"थांबा." मी थांबवलं. "हं, आता."

त्या 'थांबा' म्हणायच्या तेव्हा स्क्रीनवर सगळं सुरळीत असायचं. एकदा मुद्दाम न थांबवता पाहिलं, तर दोन सेकंदांनी आकडा अडखळला. त्यानंतर मी स्क्रीनकडे बघायचं सोडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागलो. कारखान्यात आमचे फिटर स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बेअरिंगचा बिघाड सांगायचे, पण ती मशिनं खोलीएवढी असायची. इथे पत्र्याआडची केसाएवढी हालचाल ही बाई तळहाताने वाचत होती.

एक्केचाळीस नकाशे आले. बेचाळिसावा येईना. चार वेळा प्रयत्न केला. नाव होतं 'कावेरीची मुखें'.

"सोडा तिला," टीचर हळूच म्हणाल्या. "बाकीचं घ्या."

बाकीचं उतरायला तीन वाजले. विंडोज शाबूत आली, हे नशीब. जुनी डिस्क काढली, एसएसडी बसवली, बटण दाबलं. काळी स्क्रीन. बूट ड्राइव्ह सापडत नाही, एवढी एकच ओळ.

"काय म्हणतो?"

"कुठून जागं व्हायचं ते त्याला कळत नाहीये. यादीत अजून जुन्या डिस्कचंच नाव आहे. बायोसमध्ये जाऊन बदलतो." बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम.

"त्या पडद्यास वाचा नाही," टीचर म्हणाल्या. त्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर विंडोजनंतर सुरू होतं. "बटणें मोजून सांगा."

मी एकेक बटण मोठ्याने बोलत दाबलं. डिलीट, उजवा बाण तीनदा, खालचा एकदा, एंटर. एसएसडी निवडली. शेवटी बदल जतन करायला एफ-टेन, एंटर. झालं म्हणणार, तोच त्यांनी मला ते सगळं पूर्ववत करायला लावलं. मग मशीन बंद करून स्वतः केलं. एकदाही बोट चुकलं नाही. चौदा सेकंदांत स्पीकरमधून ओळखीचा आवाज बोलला. एरवी चार मिनिटं लागायची.

"इतक्यांत?" टीचर खळखळून हसल्या. मग कॅबिनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या. "हिला तर आवाजच नाही, सार. मरेल तेव्हा मज कशी सांगेल?"

"नाही सांगणार," मी म्हणालो. मी नकाशे दोन पेन ड्राइव्हवर उतरवून त्यांच्या हातात दिले.

"एक उरला," त्या म्हणाल्या. "अप्पांनी, माझ्या वडिलांनी, लहानपणी पुठ्ठ्यावर सुतळी डकवून कावेरी दाखवली होती मज. ती विसरणें नाही. तुमचा उजवा हात टेबलावर उपडा ठेवा, बोटें समोर, पसरून. समोर पूर्व."

मी ठेवला. त्या बोलत टाइप करू लागल्या.

"मनगटापाशी तिरुचिरापल्ली. नदी तेथून येते आणि फुटते. अंगठा उत्तरेचा, तो कोळ्ळिडम. त्याशेजारचं बोट खुद्द कावेरी, वाटेत कुंभकोणम. मग धाकट्या नद्या. करंगळीच्या मुळाशी तंजावूर, तेथें आमचं घर. बोटांमधें सगळी भातशेती. नखें भिजलीं की समुद्र आला."

तीस वर्षांत कितीदा तरी ती नदी मी रेल्वेच्या खिडकीतून ओलांडली आहे. ती जाते कशी, ते त्या दिवशी माझ्याच हातावर पहिल्यांदा दिसलं. हात उचलावासा वाटेना.

तेव्हापासून कुठलीही डिस्क आली की मी आधी मालकाला विचारतो, यातलं काय गेलं तर चालणार नाही, आणि तेवढं सगळ्यात आधी काढून घेतो. ठिपका हिरवा असला तरी. शिवाय मिनिटभर डोळे मिटून कॅबिनेटला कान लावतो. मला अजूनही पंखाच ऐकू येतो.